पैसे आहेत, फंड्स नाहीत

एका छोट्या संस्थेच्या कार्यकारिणीच्या बैठकीत ऐकलेले एक वाक्य बरेच दिवस मनात ठाण मांडून बसले आहे. ताळेबंदाच्या प्रती सगळ्यांच्या हातात होत्या. मालमत्तेच्या बाजूला बँकेतील शिल्लक ठळक अक्षरांत छापलेली होती आणि आकडा चांगलाच भरघोस होता. तरीही कार्यालयात अर्धवेळ काम करणाऱ्या मुलीचे मानधन थकलेले होते. एका ज्येष्ठ सभासद बाईंनी चष्मा सावरत विचारले, "अहो, बँकेत एवढे पैसे दिसताहेत, मग तिचेच का अडवून ठेवलेत?" खजिनदारांनी पेनाला टोपण लावले आणि शांतपणे उत्तर दिले, "ताई, मनी आहे, फंड्स नाहीत." काही माना डोलल्या. बाईंनी मात्र हातातला कागद उलटा करून पाठची बाजू पाहिली, जणू फंड्स तिकडे छापलेले असावेत. पाठची बाजू कोरी होती. खजिनदारांचे काही चुकले होते असे मी म्हणणार नाही. खात्यातली जवळजवळ सगळी रक्कम देणगीदारांनी इमारतीसाठी म्हणून दिलेली होती आणि तिला परस्पर हात लावण्याचा अधिकार तिथे बसलेल्या कोणालाच नव्हता. पण बरोबर असलेले उत्तर इतके गुळगुळीत असावे, हे मला खटकले. आणि या गुळगुळीतपणामागे काही शतकांची हिशेबाची शिस्त उभी आहे, याचे कुतूहलही त्याच क्षणी वाटले.

त्यानंतर इंग्रजी अहवाल, करारनामे, बँकांची पत्रे वाचताना एक नाद लागला. पैशासाठी कोणता शब्द आला आहे आणि तोच का आला आहे, हे पाहायचे. रोकड, शिल्लक, भांडवल, निधी, तरतूद, गंगाजळी असे शब्द आपल्याकडेही आहेत, तेव्हा दारिद्र्य शब्दांचे नाही. परंतु इंग्रजीत हे शब्द कायद्याच्या आणि लेखापालांच्या हाताखालून इतक्या वेळा गेले आहेत की प्रत्येकाच्या अंगावर कुठल्या ना कुठल्या भांडणाची खूण आहे. वरवर पाहता मनी, कॅश, कॅपिटल आणि फंड्स हे चौघे एकाच गोष्टीची नावे वाटतात. प्रत्यक्षात पैसा कोणाचा, तो कुठे आहे, कधी हाती येईल आणि कशासाठी खर्चता येईल, अशा निरनिराळ्या प्रश्नांना ते उत्तरे देतात. त्यामुळे एकाच खात्याबद्दल एका शब्दाने होकार आणि दुसऱ्याने नकार मिळू शकतो.

त्यातला मनी हा सर्वांत भाबडा. रोममध्ये कॅपिटोलाइन टेकडीवर जूनो मोनेटा या देवीचे मंदिर होते, इसवी सनापूर्वी ३४४ मध्ये अर्पण केलेले. पुढे रोमची टाकसाळ तिथे आली आणि देवीचे नाव नाण्यांना चिकटले. मनी आणि टाकसाळ या अर्थाचा मिंट, हे दोन्ही शब्द त्या एकाच मोनेटातून निघाले. रोमन लोक स्वतः हे नाव सावध करणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडत, म्हणजे पैशाच्या नावातच सावधगिरीची सूचना देणारी देवी बसली आहे, आणि तिचे आजवर कोणी फारसे ऐकलेले दिसत नाही. मनी या शब्दाला अटी नसतात. आहे किंवा नाही, एवढेच तो सांगतो. कदाचित म्हणूनच कचेरीतल्या इंग्रजीला त्याची लाज वाटते. खंडणीखोर मनी मागतो, मूल मनी मागते. बँक मात्र फंड्स ट्रान्सफर करते. धनादेश परत येतो तेव्हा त्यावर मनी कमी पडल्याचे कधी लिहीत नाहीत, इनसफिशियंट फंड्स असेच लिहितात. वकिलांना तर मनी हा एकवचनी शब्द इतका उघडावाघडा वाटला की त्यांनी त्याचे मनीज असे अनेकवचन करून त्याला कोट चढवला.

कॅश म्हणजे मुळात पेटी. लॅटिनमधली कॅप्सा, इटालियनमधली कासा, फ्रेंचमधली केस असा प्रवास करून हा शब्द इंग्रजीत आला आणि सुरुवातीला त्याचा अर्थ पैसे ठेवण्याची पेटी असाच होता. कालांतराने पेटी गेली आणि आतला ऐवज तेवढा नावाला उरला. चष्म्याच्या घराला आपण जी केस म्हणतो, ती याच घराण्यातली. पेटीत हात घातला की जे लगेच हाताला लागते ते कॅश, ही कल्पना इतकी सोपी आहे की लेखाशास्त्राने तिच्यात किती भर घातली आहे याचे आश्चर्य वाटते. आंतरराष्ट्रीय लेखामानकांमधले रोख प्रवाहाविषयीचे सातवे मानक कॅशच्या शेजारी कॅश इक्विव्हॅलंट्स असा आणखी एक कप्पा उघडते: ज्यांचे मूल्य फारसे हलत नाही, ज्या चटकन रोखीत बदलता येतात आणि ज्यांची मुदत खरेदीपासून साधारण ३ महिन्यांच्या आत संपते, अशा गुंतवणुका. म्हणजे एखाद्या बलाढ्य कंपनीच्या अहवालातल्या कॅशच्या ओळीत अवाढव्य आकडा असेल आणि त्यात कागदी नोट एकही नसेल. पेटी अदृश्य झाली, पण तिचा नियम टिकला: जे आज मागितले तर आज, किंवा फार तर अगदी लवकर मिळेल, तेच आत.

या नियमाचा कठोरपणा नफ्याच्या शेजारी ठेवल्यावर कळतो. माल उधारीवर विकला की विक्री त्याच दिवशी नोंदली जाते, नफाही दिसू लागतो, पण गिऱ्हाईक पैसे देणार ९० दिवसांनी. मधल्या काळात पगार, भाडे आणि कच्च्या मालाची बिले कोणासाठी थांबत नाहीत. रोख प्रवाहाचे विवरणपत्र एकदा बारकाईने वाचून पाहावे. नेहमीच्या पद्धतीत ते नफ्यापासून सुरू होते आणि मग त्या नफ्याची एकेक ओळ उलगडत जाते: घसारा परत मिळवा, कारण तो खर्च कागदावरचा होता, कोणालाही पैसे दिले गेले नव्हते, येणी वाढली असतील तर तेवढी रक्कम वजा करा, कारण ती विक्री झाली पण पैसे आले नाहीत, गोदामातला साठा वाढला असेल तर तोही वजा करा, कारण पैसे मालाच्या रूपाने रॅकवर पडून आहेत, देणी वाढली असतील तर मिळवा, कारण ते पैसे दुसऱ्याचे असले तरी अजून आपल्याकडेच आहेत. ही बेरीज-वजाबाकी संपते तेव्हा वरचा रुबाबदार नफा कधी कधी खाली ऋण आकडा होऊन उतरलेला असतो. नफ्यात असताना बुडालेल्या धंद्यांची गोष्ट अशा कागदावर एका पानात मावते. मला हे विवरणपत्र ताळेबंदापेक्षा अधिक प्रामाणिक वाटत आले आहे, आणि अधिक निष्ठुरही. मालकाच्या मेहनतीबद्दल त्याला काही म्हणायचे नसते.

कॅपिटलवर फार रेंगाळत नाही. लॅटिनमधले कापुट म्हणजे डोके. त्यातून मुद्दलाच्या अर्थाने कॅपिटल आले आणि त्याच मुळातून गुराढोरांसाठी कॅटल आणि जंगम मालमत्तेसाठी चॅटल हे शब्दही आले. गंमत अशी की सर्वसामान्य माणसाला कॅपिटल म्हणजे तिजोरीतला मोठा ढीग वाटतो, आणि ताळेबंदात मात्र ते देण्यांच्या बाजूला बसलेले असते. मालकाचा धंद्यावर असलेला हक्क, एवढाच त्याचा तिथे अर्थ. त्या हक्काच्या बदल्यात समोरच्या बाजूला यंत्रे असतील, जमीन असेल, थकलेली उधारी असेल. कॅश असेलच असे नाही. भांडवल भरपूर आणि खिसा रिकामा, ही स्थिती हिशेबाच्या दृष्टीने अगदी निर्दोष आहे.

आता फंड. लॅटिनमधल्या फुन्डुस या शब्दाचा अर्थ तळ, आणि दुसरा अर्थ जमीनजुमला. पायासाठीचा फाउंडेशन आणि खोलासाठीचा प्रोफाउंड हे त्याचेच भाऊबंद. तळाशी साठवून ठेवलेले, ज्यावर काहीतरी उभे राहील असे, ही छटा फंडमध्ये अजून आहे. मात्र या शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन यांत जे अंतर आहे, ते व्याकरणाच्या कुठल्याही नियमाने भरून निघत नाही. एक फंड म्हटले की त्याला नाव येते, हेतू येतो, दार येते आणि दारावर कोणीतरी बसलेला असतो. पेन्शन फंड, रिलीफ फंड, बिल्डिंग फंड. त्याचे फंड्स झाले की नाव, हेतू आणि दार सगळे गळून पडते आणि उरतो तो केवळ खर्चायला मिळेल असा पैसा. आमच्या खजिनदारांच्या उत्तराची सगळी गोम या एका प्रत्ययात होती. संस्थेकडे फंड होता, फंड्स नव्हते.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडने या अनेकवचनाला आणखी एक विचित्र अर्थ दिला होता. तिथे द फंड्स म्हटले की सरकारी कर्जरोखे समजले जात. सधन घराण्यांचा पैसा फंड्समध्ये असे, याचा अर्थ तो सरकारला उसना दिलेला असे, आणि बहुतेक वेळा युद्धात केव्हाच खर्च होऊन गेलेला असे. घराण्याच्या दृष्टीने तो साठा होता, सरकारच्या दृष्टीने देणे होते, आणि प्रत्यक्षात त्याची काडतुसे होऊन उडून गेली होती. हे कर्ज हळूहळू बुडवण्यासाठी, म्हणजे फेडून नाहीसे करण्यासाठी, १७१७ मध्ये ब्रिटिश मंत्री रॉबर्ट वॉलपोल यांच्या पुढाकारातून सिंकिंग फंड निघाला. १७३३ मध्ये वॉलपोल यांनीच त्यातली रक्कम चालू खर्चासाठी उचलली. राखीव पैशाला हात लावू नये हा नियम करणाऱ्यालाच तो आधी मोडावासा वाटतो, यात मला नवल वाटत नाही. दाराची किल्ली त्याच्याकडेच असते. त्याच वर्षी त्यांच्या करयोजनेची टर उडवणारे एक पत्रक निघाले, ज्यात वॉलपोल आपली थैली उघडणारा भोंदू वैद्य म्हणून दाखवले होते. त्या चामडी थैलीचे फ्रेंच नाव बूजेत, आणि अर्थसंकल्पाला आज जगभर बजेट म्हणतात त्याचे मूळ त्या थैलीत आहे.

वेगवेगळ्या करांचे पैसे वेगवेगळ्या फंडांत बांधून ठेवण्याचा हा पसारा पुढे इतका वाढला की कुठे किती आहे हे सांगणे अवघड झाले, आणि १७८७ मध्ये पंतप्रधान धाकट्या विल्यम पिट यांच्या काळात ब्रिटनने कन्सॉलिडेटेड फंड स्थापन केला: महसुलाचा प्रत्येक ओघ येऊन मिळेल आणि प्रत्येक खर्च जिथून होईल असा एकच साठा. लेबले फाडून पैसा एकत्र करायचा आणि नंतर खर्चाच्या वेळी संसदेने पुन्हा लेबले लावायची, अशी ती युक्ती होती. मोठ्या राज्यालाही पैसा नुसता असून भागत नाही. तो ओळखता यावा लागतो.

पैसा ओळखता येतो का, हा प्रश्न त्याआधी न्यायालयात येऊन गेला होता. इंग्रजीत एखादी रक्कम राखून ठेवण्याला इयरमार्क करणे म्हणतात. जनावर कोणाचे हे कळावे म्हणून त्याच्या कानाला पाडलेली खाच, हा त्याचा मूळ अर्थ. इंग्लंडच्या कायद्यात जुने वचन होते की पैशाच्या कानाला खाच नसते, म्हणून तो परक्याच्या पैशात मिसळला की ओळखून परत मागता येत नाही. ११ डिसेंबर १७५६ च्या रात्री टपालाची लूट झाली आणि तीत विल्यम फिनी नावाच्या गृहस्थाने पाठवलेली बँक ऑफ इंग्लंडची २१ पौंड १० शिलिंगांची एक नोट गेली. फिनीने बँकेला कळवून पैसे थांबवले. चोराच्या हातून निघालेली ती नोट मिलर नावाच्या एका खाणावळवाल्याकडे आली. त्याने ती पूर्ण मोबदला देऊन, काहीही संशय न येता घेतली होती. तो ती वटवायला बँकेत गेला तेव्हा रेस नावाच्या कारकुनाने पैसे देण्यास नकार दिला आणि नोटही परत केली नाही. आता या नोटेच्या कानाला खाच होती, हे लक्षात घ्यायला हवे. तिच्यावर क्रमांक होता, फिनीचे नाव होते, ती कोणीही ओळखू शकला असता. तरीही १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल मिलरच्या बाजूने दिला. ओळखता येत नाही हे खरे कारणच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. पैसा परत मागता येत नाही तो त्याच्या चलनवलनामुळे. जो हातोहात फिरतो, तो घेताना प्रत्येकाला त्याचा पूर्वेतिहास विचारावा लागला तर व्यापार बंद पडेल.

त्या खाणावळवाल्याच्या नोटेला भूतकाळ नव्हता. आमच्या संस्थेच्या खात्याला भूतकाळच होता.

कॅश आणि फंड यांच्यातला फरक मला या निकालाइतका कुठेही स्पष्ट दिसला नाही. कॅशने आपला इतिहास विसरावा म्हणून कायदा धडपडतो, आणि फंडने तो विसरू नये म्हणूनही कायदाच धडपडतो. धर्मादाय संस्थांच्या हिशेबात हे पावलोपावली भेटते. अमेरिकेतील लेखामानकांनी २०१६ च्या सुधारणेत अशा संस्थांच्या निव्वळ मालमत्तेचे दोनच वर्ग ठेवले: देणगीदाराच्या अटी असलेली आणि अटी नसलेली. बँकेला हा भेद दिसत नाही. खात्यात सगळे पैसे एकजीव असतात, आणि अट राहते ती कागदावर आणि माणसांच्या सदसद्विवेकबुद्धीत. माणसे घरातही हेच करतात, पाकिटे आणि डबे वेगळे ठेवून. समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलायझर यांनी पैशाच्या या घरगुती खाणाखुणांचा मोठा अभ्यास केला आहे. आमच्या बैठकीचे पुढे काय झाले ते सांगून टाकतो. देणगीदारांना पत्र गेले, त्यातल्या काहींनी आपल्या रकमेचा थोडा भाग कामकाजासाठी वापरण्यास लेखी संमती दिली आणि मुलीचे मानधन निघाले. खात्यातल्या शिल्लकीत त्या दिवशी एका पैशाचीही भर पडली नव्हती. फंड्स मात्र आले होते.

हीच गोष्ट एखाद्या देशाच्या पातळीवर किती उग्र होते, हे अमेरिकेत दिसते. तिथल्या राज्यघटनेचा मसुदा १७८७ चाच, आणि तिच्या पहिल्या अनुच्छेदात म्हटले आहे की कायद्याने केलेल्या अप्रोप्रिएशनखेरीज, म्हणजे खर्चाच्या तरतुदीखेरीज, तिजोरीतून मनी काढता येणार नाही. घटनेने इथे भाबडा मनी हाच शब्द वापरला आहे, कारण तो आत आहे हे गृहीतच आहे. प्रश्न फक्त बाहेर येण्याचा. अशी खर्चाची तरतूद नसताना खर्च करणाऱ्या अधिकाऱ्याला अँटीडेफिशियन्सी अ‍ॅक्ट आडवा येतो. एखादी रक्कम अव्हेलेबल आहे का, हे तिथले हिशेब तपासणारे तीन अंगांनी पाहतात: हेतू, काळ आणि रक्कम. पैसा असेल पण दुसऱ्या कामाचा असेल, तर तो उपलब्ध नाही. कामाचा असेल पण मुदत संपलेली असेल, तरीही नाही. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात सुमारे ८ लाख संघराज्य कर्मचाऱ्यांचे पगार सरकारी कामकाजाच्या ३५ दिवसांच्या टाळेबंदीत अडकले, तेव्हा तिजोरी रिकामी नव्हती. कर्जरोख्यांवरचे व्याज वेळेवर दिले जात होते. परवानगी नव्हती. २०११ आणि २०२३ मध्ये कर्जमर्यादेचा पेच आला, तेव्हा नेमके उलटे होते: खर्चाची परवानगी संसदेने केव्हाच दिलेली होती, आणि त्यासाठी लागणारी कॅश उसनी घेण्याला मनाई होती. पहिल्या वेळी मनी होता आणि फंड्स नव्हते. दुसऱ्या वेळी तरतूद होती आणि कॅश आटत चालली होती. बातम्या देणाऱ्यांनी दोन्ही वेळा सरकारचे पैसे संपले असेच म्हटलेले आढळते. एवढे शब्द हाताशी असून बोलताना इंग्रजी माणूसही शेवटी मनीवरच येतो, हे पाहून मला, खरे सांगायचे तर, बरे वाटले.

मला आक्षेप आहे तो या शब्दांच्या आडोशाचा. माझ्याकडे पैसे नाहीत, या वाक्यात बोलणारा असतो, आणि बहुधा थोडा संकोचही असतो. फंड्स उपलब्ध नाहीत, यात कोणीच नसते. ते कोणी अडवले, कोणाच्या सहीने ते सुटतील, यातले काही त्या वाक्यातून बाहेर येत नाही. पाऊस नाही म्हणावे तसे ते सांगितले जाते. खजिनदारांनी त्याच दमात देणगीदारांना विचारता येईल असे म्हटले असते, तर बाईंना कागदाची पाठ पाहावी लागली नसती. अर्थात हा दोष शब्दाचा नाही. अटी नीट सांगणाऱ्यासाठी फंड्स हा मनीपेक्षा कितीतरी सच्चा शब्द आहे.

अव्हेलेबल या विशेषणाचे वजन सगळ्यांत जास्त जाणवते ते बँकेच्या पडद्यावर, जिथे एकाच खात्याचे दोन आकडे शेजारी शेजारी असतात: एक खात्यावरची शिल्लक, दुसरी उपलब्ध शिल्लक. मधला फरक म्हणजे न वटलेले धनादेश आणि हॉटेलांनी आगाऊ अडकवून ठेवलेल्या रकमा. अमेरिकेत बँका जमा धनादेशांचे पैसे इतके दिवस वापरू देत नसत की १९८७ मध्ये संसदेला कायदाच करावा लागला. त्याचे नाव एक्सपिडायटेड फंड्स अव्हेलेबिलिटी अ‍ॅक्ट. कोणत्या प्रकारची जमा किती कामकाजाच्या दिवसांत खातेदाराला मोकळी झाली पाहिजे, याच्या कमाल मुदती त्यात घालून दिल्या आहेत. धनादेशांचे समजू शकते, ते दुसऱ्या बँकेतून वटून यायचे असतात. पण त्या नियमांत रोख रकमेसाठीही कलम आहे: खातेदाराने स्वतः खिडकीवर जाऊन कर्मचाऱ्याच्या हातात नोटा मोजून दिल्या, तर ती रक्कम फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी उपलब्ध व्हावी. बहुतेक बँका ती लगेच मोकळी करतात, पण सक्ती एवढीच आहे. हातात होती तोवर ती रक्कम त्याच क्षणी खर्चता आली असती. खिडकीपलीकडे गेल्यावर तिला, कायद्याच्या हिशेबाने, एक रात्र थांबायला सांगता येते.